इंजिन सोडून सगळं

जुना ट्रॅक्टर बघायला आलेला माणूस आधी बॉनेट उचलतो. डिपस्टिक काढून ऑइल बोटांवर चोळतो, स्टार्टर मारायला सांगतो, धुराचा रंग बघतो आणि मग जाणकारासारखी मान हलवतो. मामांच्या शेडमध्ये मीही तेच करणार होतो. पण स्टार्टर फिरेना, आणि बॉनेट उचलायला गेलो तर बिजागरीच हातात आली. मग इंजिनाचा नाद सोडून ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूने सुरुवात करावी लागली. आता वाटतं, बागेतला कुठलाही जुना ट्रॅक्टर उघडताना हीच बाजू आधी धरावी.

ट्रॅक्टर म्हणजे मित्सुबिशी शक्ती, साडेअठरा एचपीचा. निफाड-दिंडोरीकडे याला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, नुसतं ‘मित्सुबिशी’ म्हटलं की कळतं. बेंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीने १९६७ साली स्थापना झाल्यापासून पॉवर टिलरमध्ये नाव कमावलं आणि जपानच्या मित्सुबिशीच्या तंत्रावर हा छोटा ट्रॅक्टरही आणला. तीन सिलिंडर, डिझेल, पाण्याने थंड होणारं इंजिन. अंगाने अरुंद, डोक्याने बुटका. द्राक्षाच्या दोन ओळींमध्ये नऊ-दहा फूट अंतर, त्यात दोन्ही बाजूंनी ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) आणि काड्या आत आलेल्या, वर मांडवाच्या तारा. तिथे मोठा ट्रॅक्टर घातला तर घडांसकट बाहेर येतो. हा मात्र ड्रायव्हरने मान जरा खाली घातली की सुळकन पार.

मामांचा ट्रॅक्टर चांदोरीच्या पुढे, गोदाकाठच्या काळ्या मातीत राबलेला. नवा ट्रॅक्टर आल्यावर याला शेडच्या कोपऱ्यात लावला, त्यावर क्रेट रचले, क्रेटवर ठिबकच्या जुन्या नळ्या टाकल्या. मी नाशकात, सातपूरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला. सुट्टीच्या दिवशी हात शिवशिवतात. मामांना म्हटलं, “मामा, हा भंगारात देऊ नका, मी बघतो.” मामा म्हणाले, “बघ की. पण दुरुस्त झाला तर फवारणीच्या ब्लोअरला माझा, नाही झाला तर तुझा.” असा सौदा ठरला.

या ट्रॅक्टरांचं मरण कुठून येतं ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी कामं त्यातूनच निघाली.

ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी झाली की बागेत फवारणीचा हंगाम सुरू होतो. पाऊस रेंगाळला तर डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने रोज, कधी दिवसातून दोनदा. ट्रॅक्टरच्या मागे पाण्याची टाकी आणि ब्लोअर, त्याला पीटीओवरून, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावरून ताकद. ब्लोअर औषधाचं धुकं उडवतो, ते पानांवर बसतं तसं ट्रॅक्टरच्या मागच्या अंगावरही बसतं. मडगार्ड, सीटखालची पट्टी, अवजार उचलणाऱ्या लिफ्टचे हात, पीटीओचं सील, मागच्या एक्सलची टोकं, सगळं ओलं. त्यात बोर्डो असेल तर बघायलाच नको. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. एक टक्क्याला १ किलो मोरचूद, १ किलो चांगला चुना, १०० लिटर पाणी. जुने बागायतदार मिश्रण तयार झालं की विळ्याचं पातं त्यात बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून चुन्याची निवळी घाला. विळ्यावर ते तांबं चढतं कारण मोरचुदातलं मोकळं तांबं लोखंडाला विरघळवून त्याच्या जागी स्वतः बसतं. घाईगर्दीत कमी चुन्याचं मिश्रण टाकीत गेलं की जे विळ्याचं होतं तेच ट्रॅक्टरचं होतं. फक्त ट्रॅक्टर कोणी उचलून बघत नाही.

इंजिन पुढे, झाकणाखाली, तेलात. ते वाचतं.

पहिलं काम माती काढण्याचं. नाशकात द्वारका चौकाकडे एका गॅरेजात वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी फोनवर त्यांना क्लच, पंप, लिफ्ट असं एका दमात विचारायला लागलो तर म्हणाले, “बेटा, आधी माती काढ. मातीखाली काय आहे ते दिसलं की मग फोन कर.” वॉशिंगच्या पंपाने ती निघत नाही. गिअरबॉक्सच्या खाली ऑइल, ग्रीस, काळी माती आणि औषधाची भुकटी यांचा बोटभर जाड थर डांबरासारखा बसलेला असतो. लाकडी खरवडणी, रॉकेलचा ब्रश, मग पाणी. लोखंडी पटाशी वापरली तर कास्टिंगवरचे नंबर जातात आणि पुढे पार्ट शोधताना तेच नंबर लागतात. थर निघाला तेव्हा गळती नेमकी कुठून ते उघडं पडलं. पीटीओचं सील, मागच्या डाव्या एक्सलचं सील, आणि क्लच हाउसिंगच्या तळाशी एक भोक. त्यातून थेंब येत होते ते इंजिन ऑइलचे की गिअर ऑइलचे, यावर चाचा आणि मी बराच वेळ वास घेत बसलो. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. हे इंजिनचं निघालं.

पत्र्याची आणि लिफ्टची गंजकी कामं मी विजेने केली. यूट्यूबवर अमेरिकेतले हौशी लोक हे करताना दिसतात. तिकडे गार्डन ट्रॅक्टर म्हणजे अंगणातलं गवत कापायचा, हिवाळ्यात बर्फ लोटायचा छोटा पेट्रोल ट्रॅक्टर. १९६१ साली आलेला पहिला कब कॅडेट अवघा सात एचपीचा होता, त्यात कोलर कंपनीचं एका सिलिंडरचं इंजिन. आज तो लोक लेकरासारखा जपतात. त्यांच्याकडे रस्त्यावरचं मीठ पत्रा खातं, आपल्याकडे मोरचूद. उपाय दोन्हीकडे चालतो.

फवारणीचा दोनशे लिटरचा निळा पिंप घ्यायचा. त्यात पाणी आणि धुण्याचा सोडा, दर चार-पाच लिटरला एक मोठा चमचा. मधोमध गंजका भाग तारेने टांगायचा आणि त्याला बॅटरी चार्जरचा काळा, म्हणजे ऋण चिमटा. कडेने साध्या लोखंडाच्या सळया उभ्या करून त्यांना लाल चिमटा. भाग आणि सळया एकमेकांना टेकता कामा नयेत. चालू केलं की बारीक बुडबुडे येतात, वर तपकिरी फेस जमतो आणि रात्रभरात गंज सुटून काळा मऊ थर उरतो, तो ब्रशने जातो. तीन गोष्टी मात्र डोक्यात ठेवाव्यात. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, त्यामुळे हे उघड्यावर करायचं, बंद शेडमध्ये नाही, आणि जवळ बिडी-काडी नको. सळया स्टेनलेस स्टीलच्या नकोत, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. आणि ॲल्युमिनियमचा भाग त्यात टाकायचा नाही, सोडा त्यालाच खातो. भाग बाहेर काढून धुतला, वाळवला की लगेच प्रायमर. चहा पिऊन येतो म्हटलं तरी त्यावर नवा पिवळट गंज धरायला लागतो.

मडगार्डची मागची कड मात्र गंज निघाल्यावर राहिलीच नाही. गंज हाच पत्रा होता. ती कापून नवी पट्टी जोडून घेतली.

आता क्लच. पेडल खाली जायचं पण गिअर पडायचा नाही. बरीच वर्षं एका जागी उभ्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. इंजिन चालू असतं तर पेडल लाकडाने दाबून ठेवून, ट्रॅक्टर हिसक्याने सोडवायचा प्रयत्न करता येतो. पण तळातून ऑइल गळत होतं, म्हणजे क्रँकचं मागचं सीलही गेलेलं. तेव्हा ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत सोडण्याला पर्याय नव्हता.

हे काम ऐकायला भयंकर वाटतं, पण छोटा ट्रॅक्टर असल्यामुळे ते शेडमध्ये जमतं. मागचा भाग गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळ्यांवर पक्का बसवायचा आणि पुढचा भाग इंजिनसकट पुढच्या चाकांवर ढकलत पुढे न्यायचा. यात एक मेख आहे. ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधल्या एकाच पिनेवर डोलतो, खाचखळग्यात चाकं वरखाली व्हावीत म्हणून. मागचा भाग सुटला की पुढच्या अर्ध्याला बाजूने आधार राहत नाही आणि इंजिन एका अंगाला कलंडतं. म्हणून बोल्ट सोडायच्या आधी एक्सल आणि वरच्या ब्रॅकेटच्या मध्ये दोन्हीकडून लाकडी पाचरी घट्ट ठोकायच्या. चाचा त्यासाठी खास शिसवी तुकडे घेऊन आले होते. तुकडे ठोकून झाल्यावर त्यांनी बॉनेटच्या जागी हात ठेवून इंजिन दोन्ही बाजूंना हलवून बघितलं, मग एक पाचर काढून पुन्हा ठोकली, मग म्हणाले, “हां, आता सोड.” वायर, डिझेलचे पाइप, स्टिअरिंगचा दांडा, ॲक्सिलरेटरची सळी, सगळं आधीच मोकळं केलेलं. बोल्ट निघाले, पहारीने हलकेच फट केली आणि ट्रॅक्टर दोन फूट लांब झाला. मामी चहा घेऊन आल्या, बघून म्हणाल्या, “झालं, आता हा लोखंडवाल्यालाच द्यायचा ना?”

क्लच प्लेट खरंच चिकटली होती. पटाशीने उचलावी लागली, लायनिंगचा छाप फ्लायव्हीलवर तसाच उमटलेला. फ्लायव्हील नाशकातल्या अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये जेमतेम घासून घेतलं. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं सील हे चारही नवे टाकावेत असं माझं मत आहे, त्यातलं काही चांगलं दिसत असलं तरी. पुन्हा ट्रॅक्टर सोडायची मजुरी त्या बेअरिंगच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त.

पार्टचं सांगायचं तर जुन्या मॉडेलचा प्रत्येक पार्ट डीलरकडे मिळेलच असं नाही. पण बेअरिंग आणि सील कंपनीचे नसतात, मापाचे असतात. बेअरिंगवर ६२०५ लिहिलं असेल तर आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५, मग ते ट्रॅक्टरमधलं असो की पिठाच्या गिरणीतलं. ऑइल सीलवरही तसंच, ३५-५२-८ म्हणजे शाफ्ट ३५, भोक ५२, जाडी ८. अक्षरं पुसली गेली असतील तर व्हर्नियर लावायचा. नाशकात कारखाने एवढे आहेत की बेअरिंगच्या दुकानात माप सांगितलं तर माणूस ट्रॅक्टरचं नावही विचारत नाही. पीटीओच्या शाफ्टवर जुन्या सीलच्या ओठाने बारीक खाच पाडली होती, नवं सील त्याच खाचेवर बसलं तर पुन्हा गळणार. ते जागेत पूर्ण न ठोकता दीड-दोन मिलिमीटर अलीकडे बसवलं, म्हणजे ओठ शाफ्टच्या कोऱ्या भागावर येतो. ही चाचांची युक्ती. आता तिथे टिपूसही नाही.

इंजिनाकडे आलो ते सगळ्यात शेवटी.

रेडिएटरमध्ये बोअरच्या जड पाण्याचा पांढरा साका. लिंबूसत्व पाण्यात विरघळवून रात्रभर भरून ठेवलं, सकाळी निघालेलं पाणी विटकरी होतं. थर्मोस्टॅट तपासायला तो काढून पातेल्यात पाण्यात टांगायचा, थर्मामीटर लावायचा आणि गॅस मंद ठेवायचा. तो किती अंशांना उघडतो ते त्याच्यावरच कोरलेलं असतं, आमच्यावर ८२ होतं. पाणी नव्वदीला आलं तरी हा ढिम्म. नवा टाकला. पातेलं मामींनी परत घेतलं नाही, ते आता माझ्या हत्यारांत आहे.

डिझेलच्या टाकीत तळाला काळपट चिकट साका होता. डिझेलमध्ये पाणी राहिलं की त्या दोघांच्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांचा हा गाळ. टाकीत मूठभर नट आणि थोडं डिझेल टाकून दोघांनी धरून हिंदकळवली, गाळ स्वच्छ निघेपर्यंत. फिल्टर नवा. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढून पंप-नोझलवाल्याकडे नेले. हँडल मारलं की नोझलमधून धुकं बारीक आणि सरळ यायला हवं, थेंब टपकता कामा नये. दोन ठीक, एक धार मारत होतं. या जातीच्या, प्री-चेंबर (डिझेल आधी जिथे पेटतं तो छोटा कप्पा) असलेल्या इंजिनाचे नोझल साधारण १०० ते १५० किलोच्या दाबाला उघडतात, मोठ्या डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांपेक्षा बरंच कमी. टेस्टरवाल्याला हे आधी सांगावं, नाहीतर तो सवयीने दोनशेला लावून देतो. फ्युएल पंप मात्र घरी उघडू नये. त्याच्या आतले भाग केसापेक्षा बारीक फटीवर चालतात.

आणि हीटर प्लग. हा भाग लोकांना क्षुल्लक वाटतो. पण निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर आला की पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, आणि प्री-चेंबरचं इंजिन अशा वेळी हीटरशिवाय नुसतं कण्हतं. प्रत्येक सिलिंडरला एक असे तीन प्लग. सुटा करून मल्टिमीटर लावला तर चांगल्या प्लगचा रोध एक ओहमच्या आसपास दिसतो, गेलेला काहीच दाखवत नाही. आमचे दोन गेलेले. हे न बघता काही जण हवेच्या नळीत स्टार्टिंगचा स्प्रे मारतात. हीटर तापलेला असेल तर तो स्प्रे वेळेआधीच पेटतो आणि पिस्टन फोडतो. असला प्रकार करूच नये.

व्हॉल्व्हची फट पाव मिलिमीटरला लावली, नवं ऑइल भरलं, नोझल न बसवता इंजिन हाताने फिरवून घेतलं. मग हवा काढणं. आधी फिल्टरवरचा बोल्ट ढिला, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे संपून नुसतं डिझेल आलं की घट्ट. मग पंपावर. शेवटी नोझलच्या पाइपांचे नट ढिले करून स्टार्टर. त्या वेळी हात लांब ठेवायचा, त्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं आणि मग हॉस्पिटलच गाठावं लागतं. चाचांनी हवेच्या नळीपाशी मामांना एक लाकडी फळी धरून उभं केलं. इंजिन बेफाम धावलं तर फळी दाबून हवा बंद करायची, चावी काढून डिझेल इंजिन बंद होईलच असं नाही. मामा फळी धरून असे उभे होते की आता ट्रॅक्टर त्यांच्यावर झेप घेणार.

फळी लागली नाही. पांढरा धूर, दोन ठसके, मग तिन्ही सिलिंडर एका चालीत. ऑइल भरायचं झाकण उघडून बघितलं, तिथून नुसती झुळूक, भकभक नाही. म्हणजे पिस्टनच्या रिंगा धड आहेत. एवढ्या वर्षांनी इंजिनाला आतून हातही लावावा लागला नाही.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. मूळ लाल छटा हवी असेल तर टूलबॉक्सच्या खाली किंवा नावाच्या पट्टीमागे ऊन न लागलेला कोपरा शोधावा, तो तुकडा रंगाच्या दुकानात जुळवून मिळतो. पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकतो, पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट, साधा कापडी मास्क त्यात उपयोगाचा नाही, कार्ट्रिजचा लागतो. मी फक्त पत्रे आणि रिम रंगवले. गिअरबॉक्स-इंजिनवर पातळ करडा हात. शोरूमसारखा चकचकीत जुना ट्रॅक्टर मला आवडत नाही, गळती लपवायला रंगवलाय की काय अशी शंका येते.

कागदपत्रांत एक गाठ निघाली. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज कधीच फिटलेलं, पण फॉर्म ३५ भरून तो उतरवून घ्यायचं राहून गेलेलं. तो उतरवला, आणि पंधरा वर्षं उलटून गेलेली असल्यामुळे फॉर्म २५ ने पुढच्या पाच वर्षांची नोंदणी केली. जुना ट्रॅक्टर विकत घेणार असाल तर रंग बघण्याआधी आरसीवरची ती ओळ बघा.

आता ट्रॅक्टर कराराप्रमाणे मामांचा, देखभाल माझी. फवारणी झाली की त्याच दिवशी साध्या पाण्याने मागची बाजू धुवायची, हा नियम मामांचा ड्रायव्हर पाळतो आणि मी गेलो की मुद्दाम ओलं मडगार्ड दाखवतो. बागेत काम नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा तापमानाचा काटा जागेवर येईपर्यंत चालवायचा. दोन मिनिटं सुरू करून बंद करण्यापेक्षा न चालवलेला बरा, अर्धवट तापलेल्या इंजिनात पाण्याची वाफ ऑइलमध्येच राहते. टाकी भरलेली ठेवायची, रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं.

लिफ्ट अजून उतरतं. ब्लोअर उचलून इंजिन बंद केलं तर चहा होईपर्यंत तो जमिनीला टेकलेला असतो. लिफ्टच्या पिस्टनची रिंग किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह, दोन्हींपैकी एक. ते उघडायला लिफ्टचं वरचं झाकण काढावं लागेल, सीटसकट. एप्रिलच्या खरड छाटणीआधी मामा ट्रॅक्टर सोडत नाहीत, आणि चाचा म्हणतात तोवर ब्लोअरखाली ठोकळा लावायला काय झालंय.